थांबा लिहिलेली खुंटी

"पण हे आलं कशानं, ते सांगा ना कुणीतरी," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या सुनेनं कपाळावर हात मारून घ्यायचा तेवढा बाकी ठेवला.

सकाळपासून हा प्रश्न किती वेळा विचारून झाला, याची मोजदाद तिनं केव्हाच सोडून दिली होती. रविवार होता. लाँड्रीचं शटर अर्धं खाली ओढलेलं, बॉयलर थंड, आणि मागच्या खोलीतल्या इस्त्रीच्या लांबलचक टेबलाभोवती सगळं घर जमलेलं. या घरातलं मोठं काहीही ठरायचं ते याच टेबलावर. छोट्यासाठी व्हॅन घ्यायची ते इथं ठरलं, आत्याचं रिकामं घर विकायचं तेही इथंच. तिचं स्वतःचं लग्नसुद्धा याच टेबलावर, एकीकडे पडद्यांच्या घड्या घालता घालता ठरलं होतं, असं सासूबाई कौतुकानं सांगायच्या. आज टेबलावर तिचा नवरा होता. म्हणजे बसला होता खुर्चीवरच, पण सगळे त्याच्याकडे असे बघत होते, की जणू त्याला पसरून ठेवलाय आणि उलटसुलट करून बघायचाय.

उद्या सकाळी त्याला इस्पितळात सलाइनमधून औषधाचा पहिला डोस मिळणार होता. मिळणार होता, जर घरानं मिळू दिला तर. संध्याकाळी तिथल्या नर्सबाईंचा फोन येणार. 'येतो' म्हटलं नाही तर जागा पुढच्या पेशंटला जाणार, आणि मग पुन्हा रांगेच्या शेपटाला. अण्णांचं म्हणणं, जाऊ दे. आधी कारण कळू दे.

"अण्णा, डॉक्टरांनी सांगितलंय ना," ती जमेल तेवढ्या शांत आवाजात म्हणाली. "मल्टिपल स्क्लेरोसिसला एक कारण नसतं. शरीराचीच सैन्यासारखी जी काही यंत्रणा असते, ती चुकून मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडते. का कुरतडते, त्याला पाच-सात गोष्टी एकत्र याव्या लागतात. थोडं रक्तातून आलेलं, थोडं लहानपणच्या एखाद्या तापातून, थोडं—"

"थोडं थोडं म्हणजे काय? भेळ आहे का?" अण्णा म्हणाले.



खरं तर अण्णांचा दोष नव्हता. दोष त्यांच्या धंद्याचा होता. चाळीस वर्षं त्यांनी एका नियमावर दुकान चालवलं होतं: डाग कशाचा हे कळल्याशिवाय कपड्याला पाणी लागता कामा नये. रक्ताला गरम पाणी लावलं तर ते कायमचं बसतं, गंजाला ब्लीच लावलं तर तो आणखी पक्का होतो. म्हणून काउंटरवर गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, डाग कशाचा? चिठ्ठीवर तीन रकाने: कापड, कशाचा, कधीचा. लग्नानंतर काउंटर तिच्याकडे आला तेव्हापासून त्या चिठ्ठ्या तीच लिहीत होती. आणि ज्याचं उत्तर गिऱ्हाइकालाही देता यायचं नाही, तो कपडा जायचा दाराजवळच्या एका खुंटीवर. खुंटीवर लाल रंगात लिहिलेलं होतं, 'थांबा'. अण्णा मग फुरसतीनं भिंग घेऊन, हुंगून, कधी कधी जिभेच्या टोकावर घेऊनसुद्धा त्या डागाचा छडा लावायचे. आजवर लावला नाही असं झालं नव्हतं.

गेलं वर्षभर त्यांनी आपला थोरला मुलगा त्या खुंटीवर टांगून ठेवला होता.

पहिल्यांदा उजवा डोळा गेला तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, औषध लवकर सुरू करू, या आजारात सुरुवातीचा काळ महत्त्वाचा. अण्णा म्हणाले, कारण कळू दे. दीड महिन्यात डोळा आपोआप निवळला, आणि सगळ्यांनी 'गेलं एकदाचं' म्हणून सुस्कारा सोडला. तिनंही सोडला होता, हे ती स्वतःपासून लपवत नव्हती. मग थंडी संपता संपता त्याच्या डाव्या हाताची जाणीव गेली. इस्त्री किती तापलीय ते तो ओलं बोट लावून बघायचा. एक दिवस बोट लावलं आणि चर्रकन आवाज आल्यावर, वास आल्यावर, त्याला कळलं की भाजतंय ते आपलं. स्कॅनमध्ये मेंदूत पांढरे ठिपके वाढले होते. कारण अजून कळायचं होतं.

"माझं ऐक दादा," आत्या अण्णांना म्हणाली. आत्या ग्रंथालयातून निवृत्त झाली होती, आणि तेव्हापासून जगातलं सगळं ज्ञान तिच्या मोबाइलमध्ये मुक्कामाला आलं होतं. "यात अनुवंश असतो. घरात एकाच्या रक्तात अशी खोड असली की दुसऱ्याला दुसऱ्या नावानं निघू शकते. वहिनीच्या बहिणीला थायरॉइड आहे की नाही?"

सासूबाईंनी चहाचा कप बशीत असा ठेवला, की बशीनं ओरडावं. "माझ्या बहिणीच्या मानेपर्यंत पोचलात का वन्सं? तिथून माझ्या पोराच्या डोळ्यात कसं जातं ते?"

"मी आपलं वाचलेलं सांगतेय."

"मग तुमच्या वडिलांच्या सांध्यांचंही वाचा. बोटं वाकडी होऊन गेली होती शेवटी. ते कुणाच्या माहेरचं?"

"ते वयानं!"

"हो का. आमच्याकडचं ते रक्तानं आणि तुमच्याकडचं ते वयानं."

"मला वाटतं वाफेनंच झालं," छोटा मध्येच म्हणाला. छोटा म्हणजे तिचा दीर, व्हॅन चालवणारा. भांडणात शिरायची त्याची जागा नेहमी चुकायची. "प्रेसजवळ उभा राहिला की दादाला धूसर दिसतं. बाहेर आला की साफ. म्हणजे वाफच ना?"

"भावजी, वाफेनं नवीन काही होत नाही," तिनं दात आवळून सांगितलं. "अंग तापलं की जुनी इजा तेवढ्यापुरती डोकं वर काढते. गार झालं की बसते. हेही डॉक्टरांनी सांगितलंय. तुम्ही होता तिथं."

"मी गाडी लावायला गेलो होतो."

"तुम्ही नेहमी गाडी लावायलाच गेलेले असता."

नवरा हसला. दिवसभरात पहिल्यांदा. तिला त्याचाही राग आला. ज्याच्यासाठी एवढं रामायण चाललंय तो माणूस प्रेक्षकांत बसल्यासारखा बसला होता. लहानपणापासून अण्णांचा निकाल लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही त्याला लागलेली शिस्त. अण्णा नको म्हणाले तर संध्याकाळी तो फोनवर तितक्याच शांतपणे 'नको' म्हणेल, आणि उद्या जाऊन प्रेसजवळ उभा राहील. तिला भीती अण्णांच्या नकाराची नव्हती. त्या नकाराला त्याच्या होकाराची होती.

"आणि चिमणीचं काय?" सासूबाईंचा आवाज उतरला. कोपऱ्यात धुतलेल्या चादरींच्या गाठोड्यावर तिची पाच वर्षांची चिमणी पालथी झोपली होती, एक पाय खाली लोंबकळत. "रक्तातून येतं म्हणताय, तर तिचीही तपासणी करून टाका ना एकदाची."

"अशी तपासणी नसते, आई. आणि बापाला असलं तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन. बाकीच्यांना होत नाही. अगदी जुळ्या भावंडांत, ज्यांचं रक्त तंतोतंत सारखं, तिथंही एकाला असलं तरी चारातल्या तिघांच्या जुळ्याला होत नाही. नुसतं रक्तावर असतं तर झालं असतं ना?"

बोलताना ती अशी ठाम, की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला चिंता कशी ती ठाऊक नाही. संख्याशास्त्रातली पदवी होती तिची. शंभरात तीन म्हणजे सत्त्याण्णवांना होत नाही, हे ती परीक्षेत लिहून आली होती. पण तिला दिसायचे ते तीनच. चिमणी दाराला धडकली की ती धावत जाऊन तिचे डोळे बघायची. दात घासताना ती पोरीला खेळ म्हणून एका पायावर उभं करायची, कधी या डोळ्यावर हात ठेवून कॅलेंडरवरचा आकडा वाचायला लावायची, कधी त्या. पोरीला वाटायचं, सगळ्यांच्या घरी दात असेच घासतात. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. अण्णांना प्रश्न विचारू नका म्हणणाऱ्या तिनंच डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं होतं, नक्की कशानं? डॉक्टर म्हणाले होते, कळलं असतं तर मीच आधी सांगितलं नसतं का?

"बरं, मग ताप," आत्या पुन्हा मोबाइल वर-खाली करू लागली. "हे बघा. लहानपणी घशातल्या गाठी सुजून येणारा ताप. त्याचा विषाणू अंगात राहतो. याला आला होता ना दहावीत?"

"तो छोट्याला आला होता," सासूबाई म्हणाल्या.

"दोघांना आला होता," अण्णा म्हणाले. "खोली एक, गादी एक."

"मग मला का नाही झालं?" छोट्यानं विचारलं, आणि लगेच त्याचा चेहरा असा झाला, की हा प्रश्न त्यानं रात्री-अपरात्री स्वतःला विचारून पाहिलाय हे तिला दिसलं. व्हॅनमध्ये गाणी लावून हिंडणाऱ्या माणसाचीही एक भीती असते तर.

"तेच तर सांगतेय," ती म्हणाली. "तो विषाणू जवळपास सगळ्यांनाच होऊन गेलेला असतो. एकट्यानं तो काही करत नाही. आणि समजा उद्या कळलं की तापानंच झालं, तर काय करणार? दहावी परत देणार? आई, समजा तुमच्या बहिणीकडून आलं. तिला परत करणार? जे बदलता येत नाही त्याच्यामागे सगळे हात धुऊन लागलाय. जे बदलता येतं ते दोन-तीनच आहे. औषध वेळेवर घ्यायचं. अंगात 'ड' जीवनसत्त्व कमी निघालंय, त्याच्या गोळ्या घ्यायच्या. आणि—"

ती थांबली. नवऱ्यानं मान खाली घातली.

"आणि सिगारेट," छोटा म्हणाला. या वेळी जागा अचूक सापडली.

"त्यानं सोडली," सासूबाई घाईनं म्हणाल्या.

"बटणांच्या डब्यात बघा," छोटा म्हणाला.

 शिवणयंत्राशेजारी सासूबाईंचा बटणांचा चौकोनी पत्र्याचा डबा होता. आत्या उठली, झाकण काढलं, बटणांत दोन बोटं घातली आणि पाकीट वर काढलं, उंदीर धरल्यासारखं.

"वहिनी?"

"अहो, तो फार कासावीस व्हायचा हो," सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "दिवसाला दोनच देत होते मी. हिशेबानं. एवढं मोठं दुखणं आलंय, वर हेही तोडायचं?"

"आई!" तिचा आवाज चढला, चिमणी हलली, तशी तिनं तो गिळला. "डॉक्टर म्हणाले, या आजारात ओढणाऱ्याचं अपंगत्व लवकर वाढतं. लवकर. सोडली तर फरक पडतो. सगळ्या गावाचा शोध घेतलात, आणि जे हातात होतं ते बटणांत पुरून ठेवलंत?"

सासूबाई पदरानं नाक पुसत बसल्या. आत्यानं पाकीट टेबलावर ठेवलं आणि, कुणाला अपेक्षा नव्हती, वहिनीच्या खांद्यावर हात ठेवला. थायरॉइड आणि वाकडी बोटं तेवढ्यापुरती मिटली.

अण्णांनी मात्र पाकिटाकडे बघितलंच नाही. ते मागच्या दाराकडे बघत होते. त्या दाराबाहेर, अंगणात, ड्रायक्लीनिंगच्या केमिकलचा ड्रम होता. पूर्वी तो खोलीतच, यंत्राशेजारी असायचा. गेल्या काही महिन्यांत अण्णांनी तो स्वतः ढकलत बाहेर नेला, भिंतीत पंखा बसवला, आणि सगळ्यांना हातमोजे सक्तीचे केले. कुणी विचारलं तर म्हणायचे, वास येतो. चाळीस वर्षं आला नव्हता.

"एवढंच सांग," ते तिला म्हणाले, आणि आता आवाजात मालकपणा नव्हता. "दुकानातलं नाही ना? बारा वर्षांचा होता, मी त्याला यंत्राजवळ उभा केला. ते नाही, असं डॉक्टर म्हणाले का?"

अच्छा. म्हणजे वर्षभर हा माणूस कारण शोधत नव्हता. दुसरं कुठलंही कारण शोधत होता.

'नाही म्हणाले' एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. सुटका झाली असती सगळ्यांची, उद्या सकाळी हसत गेले असते इस्पितळात. तिच्या ओठांवर आलंही. पण अण्णा असे बघत होते, जसे ते डागाकडे बघायचे, भिंग नसताना. खोटं त्यांना वासावरून कळलं असतं. आणि मग औषधही खोट्यातच जमा झालं असतं.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "काही अभ्यासांत दिसलंय म्हणतात. अशा केमिकलजवळ काम करणारा, त्यातून सिगारेट ओढणारा, त्यातून रक्तात तशी खोड असलेला, अशा माणसाला धोका वाढतो. पण या एका माणसात कशाचा किती वाटा, हे कुणी सांगू शकत नाही अण्णा. आजही नाही, वर्षभरानंही नाही."

अण्णा उठले. चेहरा धुऊन विटलेल्या कापडासारखा झाला होता. "मग उद्याचं राहू दे. मला आधी हे कळलं पाहिजे. दुसऱ्या डॉक्टरांना विचारू. तिसऱ्यांना विचारू."

"अण्णा!"

"राहू दे म्हटलं ना!"

तेवढ्यात नवऱ्यानं कप उचलला. अण्णांचा आवाज चढला की याला हातात काहीतरी लागायचं. त्यानं न बघता डाव्या हातानं समोरचा कुणाचा तरी कप उचलला. त्या हाताला कप आहे की नाही हे कळायचं नाही, पकड किती घट्ट ते कळायचं नाही. कप सटकला, टेबलावर आपटला, आणि जे काही आत होतं ते टेबलाच्या टोकाला घडी करून ठेवलेल्या, एका गिऱ्हाइकाच्या, दुधासारख्या पांढऱ्या लोकरी कोटावर गेलं.

आत्या ओरडली. छोटा कप धरायला धावला, जो आता धरून उपयोग नव्हता. अण्णांनी कुणाकडे बघितलं नाही. त्यांच्या हातात कुठून तरी पांढरी सुती फडकी आली. एक कोटाच्या आत घातलं, दुसरं वरून ठेवलं, आणि तळव्यानं दाबायला लागले. घासणं नाही. बाहेरून आत, बाहेरून आत. फडकं भिजलं की दुसरं. डाग हातभर पसरायला निघाला होता तो बशीएवढा अडला.

टेबलावर चार कप होते. सासूबाई आणि छोटा चहा घेत होते, आत्या आणि नवरा कॉफी.

"अण्णा," ती म्हणाली, "सांडलं काय?"

"आं?"

"चहा की कॉफी?"

"काय करायचंय आता ते?" अण्णा खेकसले. हात चालूच होते. "आधी टिपू तर दे! पसरत चाललंय ते दिसत नाही? कशाचा ते बघता येईल मागनं, एकदा—"

हात थांबले.

  ओलं फडकं अण्णांच्या तळव्याखाली तसंच होतं.

"कोटाचं वेगळं असतं," ते शेवटी म्हणाले. पण ते स्वतःलाच पटत नसल्यासारखं.

"वेगळं आहेच," सासूबाई नाक ओढत म्हणाल्या. "कोट लोकाचा आहे. पोरगा आपला आहे."

काउंटरवरचा फोन वाजला.

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं, सवयीनं. अण्णांनी थोरल्याकडे बघितलं. तो भिजलेल्या बाहीनिशी उभा होता, डावा हात उजव्या हातात धरून, जणू दुसऱ्याच कुणाचा हात सांभाळायला दिलाय. फोन वाजत राहिला. ती उठणार होती. तिनं खुर्चीची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि उठली नाही.

नवरा गेला. जाताना पायाखाली जमीन आहे ना हे बघत बघत, तो हल्ली चालायचा तसा.

"हो, मीच बोलतोय," त्याचा आवाज आला. "हो. येणार... हो, नक्की. नाश्ता करून यायचं का उपाशी?... बरं." मग जरा थांबून, "नाही, अजून ओढतो. म्हणजे आजपर्यंत."

परत येऊन त्यानं टेबलावरचं पाकीट उचललं आणि आईच्या हातात दिलं. "टाकून दे. आणि हिशेब बंद."

अण्णांनी नवीन फडकं घेतलं आणि पुन्हा दाबायला लागले. हरकत संपली की नाही हे त्यांच्या पाठीवरून कळत नव्हतं.

सकाळी दात घासताना चिमणी आपणहून एका पायावर उभी राहिली, तोंडात फेस, दोन्ही हात पसरलेले. "आई, बघतेस ना?"

ती बघतच होती. पाऊल जरा डगमगलं. मग ती म्हणाली, "पाय खाली ठेव बाळा. दात दोन पायांवर पण घासले जातात." चिमणी जरा हिरमुसली. खेळ का बंद झाला, ते तिला कळलं नाही.

चिमणीला सासूबाईंकडे सोडायला ते दोघं दुकानावरून गेले. शटर उघडं होतं. छोटा व्हॅन काढून दारात उभा होता. आज गाडी लावायच्या नावाखाली बाहेर राहणार नाही, लांब लावून का होईना आत येणार, असं त्यानं न विचारता जाहीर केलं. अण्णा मागे अंगणात होते, दिसत नव्हते. ती काउंटरवरून कागदांची पिशवी घ्यायला आत वळली आणि तिचं लक्ष थांबाच्या खुंटीकडे गेलं.

खुंटी रिकामी होती. कोट आतल्या दांडीवर, आज धुवायच्या कपड्यांत पहिला लावलेला होता. चिठ्ठी अण्णांच्या अक्षरात होती, पेन कागदात रुतेल इतकं दाबून लिहिलेली.

कापड: लोकर. कशाचा: माहीत नाही. कधीचा: कालचा.

आणि खाली, रकाना नसलेल्या जागी: धुवायला घेणे.

मागचं दार वाजलं. अण्णा आले, शर्टाच्या बाह्या खाली ओढून बटणं लावत, बाहेर जायचे बूट घातलेले.

"काय बघतेस?" ते कुरकुरले. "चल. उशीर आधीच खूप झालाय."